ग्रंथपालांचे ऑनलाईन वर्ग सीमाभागात पोहोचले. पण शिकलेल्याला किंमत कोण देणार?

बेळगाव : ऑगस्ट उजाडला की ग्रंथालयवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक फिरू लागतात. १२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त कुठे एक दिवसाचा वेबिनार, कुठे पाच दिवसांची ऑनलाईन कार्यशाळा, शेवटी एक फॉर्म आणि ई-प्रमाणपत्र. नोव्हेंबरात १४ ते २० तारखेचा ग्रंथालय सप्ताह आला की पुन्हा तेच. २०२० च्या लॉकडाऊननंतर हे इतकं वाढलं, की प्रशिक्षण मिळत नाही अशी तक्रार करायला आता जागाच उरली नाही, असं वरवर पाहणाऱ्याला वाटावं.

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी वाचनालयाच्या दारातून पाहिलं तर हिशेब वेगळा दिसतो. लिंक सगळ्यांना मिळते. तिचा उपयोग कुणाला होणार, हे मात्र तो ग्रंथपाल कुठल्या खात्यात, कुठल्या भाषेत आणि सीमेच्या कुठल्या बाजूला बसला आहे, यावर ठरतं. इंटरनेटला चेकपोस्ट नाही. अनुदानाला आहे, वेतनाला आहे आणि प्रमाणपत्राच्या किमतीलाही आहे.

एकच रस्ता, दोन कायदे

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की उचगाव फाटा, तुरमुरी, बाची मागे टाकत शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो. सीमेच्या अलीकडच्या गावात वाचनालय काढलं तर १९६५ चा कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा, पलीकडे काढलं तर १९६७ चा महाराष्ट्राचा कायदा. वाचक तसलेच, कथा-कादंबऱ्या त्याच, दिवाळी अंकही तेच.

दोन्ही कायद्यांचा पाया मात्र निराळा. महाराष्ट्रात वाचनालय लोकांनी काढायचं, समितीने चालवायचं आणि सरकारने अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचं, अशी रीत आहे. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. वर्ग वाढवून घ्यायचा तर दप्तर नीट लागतं, पुस्तकसंख्या लागते आणि प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणूनच तिथे ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथपालन प्रमाणपत्र परीक्षेला मान आहे. गावातल्या एखाद्या मुलीने तो काही महिन्यांचा अभ्यासक्रम मराठीतून पूर्ण केला, तर तिच्याबरोबर तिच्या वाचनालयाचाही फायदा होतो.

कर्नाटकात ग्रंथालय हे मुख्यतः सरकारी खात्याचं काम. शहर आणि जिल्हा ग्रंथालय प्राधिकरणं, त्यांच्या शाखा आणि त्यासाठी मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर. घरपट्टी भरणारा बेळगावचा मराठी माणूसही हा उपकर भरतोच. महाराष्ट्रात असा उपकर नाही. ही पद्धत कागदावर भक्कम आहे. ग्रंथालयाला हक्काचा पैसा मिळवून देणारी आहे. पण तो पैसा खात्याच्या ग्रंथालयांकडे जातो. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं जुनं वाचनालय या रचनेच्या कडेला राहतं.

इथेच सीमाभागाचं दुखणं आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. म्हणजे बेळगावचं दोन वर्षांनी थोरलं. देशातला पहिला ग्रंथालय कायदाही याच मुलखाशेजारी, कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये झाला. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि महाराष्ट्राच्या ग्रंथालय चळवळीला पुढे ज्या कायद्याचा आधार मिळाला, त्यातून इथली वाचनालयं बाहेर राहिली. सीमाप्रश्नावर बोलताना शाळा, पाट्या, सातबारा यांची चर्चा होते. वाचनालयाच्या टेबलामागे बसलेल्या माणसाचं काय झालं, याची फारशी होत नाही.

ग्रंथपाल एक नाही, चार तऱ्हेचे

सीमाभागात ‘ग्रंथपाल’ म्हटलं की चार वेगवेगळी माणसं डोळ्यांसमोर आणावी लागतात.

पहिला महाविद्यालयातला. त्याच्याकडे पदवी आहे, वेतनश्रेणी आहे आणि बढतीसाठी उजळणी वर्ग करावेच लागतात. २०१७ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं ‘स्वयम्’ व्यासपीठ, विद्यापीठ अनुदान आयोगाचे मालवीय मिशनखालचे ऑनलाईन वर्ग, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची प्रशिक्षणं हे सगळं प्रामुख्याने याच्यासाठी. निपाणीत तर गंमतच आहे. गावातलं जी. आय. बागेवाडी महाविद्यालय बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली, तर गावाला चिकटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाखाली. राज्यं दोन, विद्यापीठं दोन. पण दोन्हीकडच्या ग्रंथपालांना आयोगाचा तोच ऑनलाईन वर्ग चालतो. केंद्राची मान्यता असली की सीमा आड येत नाही, याचं हे जवळचं उदाहरण.

दुसरा सरकारी सार्वजनिक ग्रंथालयातला कर्मचारी. त्याचं खातं आहे, प्रशिक्षणही खात्यामार्फत होतं.

तिसरा ग्रामपंचायत ग्रंथालयाचा मेल्विचारक, म्हणजे पर्यवेक्षक. कर्नाटकातली साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामविकास खात्याकडे आली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ उपक्रम सुरू झाला, ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत सदस्यत्व मिळालं. पुढे या ग्रंथालयांचं ‘अरिवु केंद्र’ असं नामकरण झालं. संगणक, टीव्ही, टॅब आले. बेळगाव जिल्ह्यात सुमारे ५०० ग्रामपंचायती आहेत, त्यामुळे हे काम इथे मोठं आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. गावातल्या मुलांना वाचनाची जागा मिळाली, हे शेजारच्या महाराष्ट्रानेही पाहण्यासारखं आहे. पण प्रशिक्षण कन्नडमधून. कन्नड येणाऱ्या मराठी मेल्विचारकाला ते जमतं. तरीही त्याच्या केंद्रात येणाऱ्या मराठी शाळेतल्या पोरांना काय वाचून दाखवायचं, मराठी पुस्तकं कशी निवडायची, हे त्या धड्यात नसतं.

चौथा मराठी वाचनालयाचा सेवक. कधी निवृत्त शिक्षक, कधी संध्याकाळी दोन तास येणारी कॉलेजची मुलगी. मानधन तुटपुंजं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी इथल्या ग्रामीण साहित्य संमेलनांनी जो वाचक टिकवून धरला, त्याला वर्षभर पुस्तक देणारा माणूस हाच. आणि नेमकं याच्यासाठी कुणाचंच प्रशिक्षण नाही. ना तो बेंगळुरूच्या यादीत, ना मुंबईच्या.

लाईव्ह की सवडीने?

ऑनलाईन शिकण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग. एक लाईव्ह : ठरलेल्या वेळी शिकवणारा पडद्यावर येतो, प्रश्न विचारता येतात. दुसरा सवडीचा : धडे, व्हिडिओ, प्रश्नसंच तयार असतात, ज्याने त्याने आपल्या वेळेनुसार पाहायचं.

लाईव्हचा फायदा उघड आहे. अडलं तिथे विचारता येतं. पण लाईव्ह वर्ग बहुतेक कार्यालयीन वेळेत ठेवले जातात. सीमाभागातलं वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडतं. मधल्या वेळेत तिथला माणूस शेतात, दुकानात किंवा दुसऱ्या नोकरीवर असतो. दुसरी अडचण रेंजची. बेळगाव आणि निपाणी शहरात ती जाणवत नाही. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात आणि भीमगड अभयारण्यातल्या गावांत पावसाळ्यात फोन लागला तरी पुष्कळ. तिथे दीड तासाचा लाईव्ह वर्ग म्हणजे अर्धा वेळ थांबलेलं चित्र.

सवडीचा धडा एकदा उतरवून घेतला की रात्री जेवणं आटोपल्यावर पाहता येतो, तीन वेळा पाहता येतो. पण त्याचा रोग दुसराच : सुरू करणारे भरपूर, संपवणारे थोडे. हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून चालवलेल्या एडएक्स अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. याचा सरळ अर्थ असा, की शेवटी काहीतरी पदरात पडणार असेल तर माणूस टिकतो. ज्याच्या प्रमाणपत्राला मानधनात, दर्जात, कशातच किंमत नाही, तो चौथ्या धड्यानंतर का थांबेल?

अमेरिकेत ‘ओसीएलसी’ ही ग्रंथालयांची सहकारी संस्था २००३ पासून ‘वेबजंक्शन’ चालवते. लहान गावातल्या ग्रंथपालांसाठी लाईव्ह वेबिनार आणि सवडीचे धडे, दोन्ही एकाच ठिकाणी. लाईव्ह झालेला वर्ग नंतर धडा म्हणून राहतो. धडा पाहून पडलेला प्रश्न पुढच्या लाईव्हमध्ये विचारता येतो. दोन मार्गांची भांडणं लावण्यापेक्षा एकाला दुसरा जोडायचा, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. मात्र ते धडे इंग्रजीत आणि तिथल्या गरजांचे. येळ्ळूरच्या वाचनालयात ते जसेच्या तसे उपयोगाचे नाहीत.

‘वाऱ्यावरची वरात’ का सापडत नाही?

ते का, हे एका साध्या उदाहरणावरून कळतं. वाचनालयाची यादी संगणकावर घ्यायची आहे. ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये ते पहिल्यांदा सुरू झालं, आज जगभर वापरलं जातं. ते कसं बसवायचं, याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत. सेवकाने हिंमत करून ते बसवलं आणि मराठी पुस्तकं भरायला घेतली. बेळगावात प्राध्यापकी केलेल्या पुलंचं ‘वाऱ्यावरची वरात’ भरलं. दुसऱ्या दिवशी शोधलं तर सापडेना.

कारण त्या ‘ऱ्या’मध्ये आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी टाईप होतं. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला वेगळा ‘र’ वापरला जातो, दुसऱ्यावर साध्या ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातलं जातं. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणजे पुस्तक कपाटात, नोंद यंत्रात आणि वाचकाला उत्तर : पुस्तक नाही.

असे प्रश्न एक नाही, अनेक आहेत. ‘बेळगाव’ की ‘बेळगांव’? ‘ग्रंथ’ की ‘ग्रन्थ’? कविता मागताना वाचक ‘कुसुमाग्रज’ म्हणतो, नाटक मागताना ‘शिरवाडकर’. यंत्राला दोघे एकच आहेत हे सांगितलं नाही, तर एकाच लेखकाची पुस्तकं दोन नावांखाली विखुरतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा आकृतीत टाईप केलेल्या याद्या असतील, तर त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नव्या यंत्रात वाचताच येत नाहीत. कन्नडमध्ये नुडीच्या जुन्या फायलींची गत हीच. म्हणजे या बाबतीत मराठी आणि कन्नड ग्रंथपाल एकाच बाकावर बसलेले आहेत.

आणि ते बसायलाच हवेत. सीमाभागातलं वाचनालय फक्त मराठीचं राहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेचा मुलगा कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं मागतो, कन्नड शाळेत जाणारी मराठी घरातली मुलगी दोन्ही वाचते. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ वर आणि कन्नड ८९४.८१४ वर येतं. भाषाकुळं वेगळी म्हणून आकडे वेगळे, पण कपाट तेच. हे आकडे मांडायला शिकवणारा मराठी-कन्नड दुभाषी धडा सीमाभागातच तयार होऊ शकतो. पुण्यात किंवा धारवाडात त्याची गरजच कुणाला वाटणार नाही.

तिसरी गरज जुन्या पुस्तकांची. बेळगावचा पाऊस आणि दमट हवा पुस्तकांना मानवत नाही. बुरशी, कसर, वाळवी हे नेहमीचे पाहुणे. शंभर वर्षांपूर्वीचं कुरकुरीत झालेलं पान हाताळायचं कसं, स्कॅन करताना बांधणी मोडू नये म्हणून काय करायचं, कायद्याने काय स्कॅन करून लोकांसाठी खुलं करता येतं, हे कळायला हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराईट टिकतो, एवढा एक नियम माहीत नसल्याने कुणी घाबरून काहीच करत नाही, तर कुणी सरसकट सगळंच स्कॅन करतो. हे काम नुसता व्हिडिओ पाहून येत नाही. कुणीतरी हात धरून एकदा दाखवावं लागतं.

बडोद्याने ११० वर्षांपूर्वी काय केलं

मराठीतून ग्रंथपालन शिकवता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर इतिहास उलटा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. १९११ मध्ये तिथे प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. म्हणजे समोरासमोरचा वर्ग आणि घरी बसून सवडीने वाचायचा मजकूर, दोन्हींची जोड एका संस्थानाने तेव्हाच घातली होती. गावोगावच्या वाचनालयाचा माणूस इंग्रजी जाणणारा नसतो, हे गृहीत धरूनच तो मजकूर छापला जात होता.

आज साधनं कितीतरी स्वस्त आहेत. पण सीमाभागातल्या सेवकाला गोष्टी समजावून सांगणारा मराठी मजकूर मिळवायला अजून व्हॉट्सअॅपवरच्या ओळखीचा आधार घ्यावा लागतो.

करता येण्यासारखं काय?

पहिली गोष्ट भाषणाची नाही, वेळापत्रकाची आहे. पंधरा-वीस मिनिटांचे छोटे मराठी धडे, मोबाईलवर उतरवून घेता येतील असे : दाखल नोंदवही, वर्गीकरण, युनिकोड टायपिंग, मुलांचा वाचन तास, जुन्या पुस्तकांची निगा. त्यांना जोडून आठवड्यातून एकदा, वाचनालय बंद असेल त्या दिवशी किंवा रात्री, तासाभराचा लाईव्ह वर्ग. त्यात नवं काही शिकवायचं नाही. फक्त अडलेले प्रश्न सोडवायचे.

दुसरी गोष्ट हाताने करायच्या सरावाची. धडा पाहिला की आपल्याच कपाटातली पन्नास पुस्तकं नोंदवून दाखवायची. त्यासाठी एखाद्या मोठ्या वाचनालयाने पाच-सहा लहान वाचनालयांना हाताशी धरावं. बेळगाव आणि तालुक्याला शहरातली जुनी वाचनालयं आहेत, निपाणीला ४० किलोमीटरवर कोल्हापूर आहे आणि दारातच दोन महाविद्यालयांची ग्रंथालयं आहेत. प्रशिक्षित माणसं या भागात नाहीत असं नाही. ती महाविद्यालयांत आहेत आणि वाचनालयांशी त्यांची गाठ पडत नाही.

तिसरी आणि खरी गोष्ट मान्यतेची. इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घेता येते, पण मानधनावरच्या सेवकाला फी, वेळ आणि शिक्षणाची अट या तिन्ही गोष्टी जड जातात. महाराष्ट्राच्या प्रमाणपत्राला ज्या अनुदान नियमांमुळे वजन आहे, ते नियम सीमेअलीकडे लागूच नाहीत. सीमाभागावर हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्र सरकारने इथल्या सेवकांना हा अभ्यासक्रम ऑनलाईन आणि विनाशुल्क खुला केला, तर त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. कर्नाटक सरकारनेही ६ टक्के उपकर मराठी घरांतूनही येतो हे ध्यानात घेऊन मेल्विचारकांच्या प्रशिक्षणाला मराठी धड्यांची जोड दिली आणि लोकवर्गणीच्या वाचनालयांतल्या सेवकांना त्या वर्गात बसू दिलं, तर कन्नडचं काही कमी होणार नाही. दोघांनाही अवघड वाटत असेल, तर १९७२ पासून कोलकात्यातून देशभर काम करणारं केंद्राचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहेच. ते कुठल्याच बाजूचं नाही.

याला आक्षेपही घेतला जाईल. वाचकच कमी झाले, तिथे ग्रंथपाल शिकवून काय उपयोग, असं समितीतलेच लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण वाचक कमी झाले म्हणून पुस्तक शोधून देणारा माणूस काढून टाकायचा, तर उरलेला वाचकही दुसऱ्यांदा येणार नाही. ‘अरिवु केंद्रां’त मुलं आली ती नुसत्या टॅबसाठी नाही, कुणीतरी त्यांना बसवून घेणारं होतं म्हणूनही आली.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर कपाटातली पुस्तकं थांबणार नाहीत. पावसाळा दरवर्षी येतोय आणि कसरही. वाचनालयाच्या टेबलामागच्या माणसाला शिकवायला मात्र कुठलाच दावा निकाली निघावा लागत नाही. हवा आहे तो त्याला समजेल अशा भाषेतला धडा, त्याला जमेल अशी वेळ आणि शिकल्यावर त्याच्या पाकिटात किंवा वाचनालयाच्या दर्जात दिसेल असा फरक. पहिल्या दोन गोष्टी ऑनलाईन मिळू शकतात. तिसरी बेंगळुरू आणि मुंबईनेच द्यायची आहे.